हाताने नमदा: लोकर, साबण आणि सुईने सुरुवात करणाऱ्यांसाठी

या कामातली पहिली अडचण दुकानातच येते. विणकामाच्या दुकानात लोकर मागितली की पुढ्यात येतात ते बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे गुंडे. रंग सुंदर, हाताला मऊ, भावही परवडणारा. पण मेंढीशी त्यांचा काही संबंध नसतो. स्वेटर विणायला ते चालतात. नमदा करायला बसलात तर दिवसभर चोळूनही हाती ओला गुंताच लागेल. म्हणून आधी लोकर पारखायला शिकू, मग साबणपाण्याचा नमदा करू, आणि शेवटी सुईने एक छोटा आंबा.

नमदा म्हणजे न विणलेले लोकरीचे कापड. ताणा नाही, बाणा नाही, गोंद नाही. तंतूच एकमेकांना धरून बसतात. काश्मीर, कच्छ आणि राजस्थानातले टोंक इथले नमदे प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात पिंजारी कारागीर दख्खनी मेंढीच्या लोकरीचे जाड अंथरूण याच पद्धतीने करत आले. त्याला जेन म्हणतात. घोंगडी मात्र यात धरू नका. ती खड्ड्याच्या मागावर विणली जाते आणि मग तिला चिंचोक्याची खळ देतात. किरगिझस्तानातल्या नमद्याच्या गालिच्यांची कला युनेस्कोने 2012 साली तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतली. आणि सैबेरियाच्या अल्ताई डोंगरातल्या पाझिरिक इथे बर्फात गोठलेल्या थडग्यांमधून निघालेले नमद्याचे पडदे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत, रंगांसकट टिकलेले. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात पाहायला मिळतात.

तंतू एकमेकांना का धरतात

डोक्याचा एक लांब केस घ्या. दोन बोटांच्या चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे ओढा, मग उलट दिशेने ओढा. उलट जाताना तो किंचित अडखळतो. केसावर बारीक खवले असतात आणि त्यांची तोंडे टोकाकडे असतात. मेंढीच्या लोकरीवरही तेच खवले आहेत, शिवाय तिचे तंतू नागमोडी आणि लवचिक असतात. चोळले की प्रत्येक तंतू मुळाच्या दिशेने सरकतो, पण खवले आडवे येत असल्याने मागे फिरू शकत नाही. हजारो तंतू असे एकाच दिशेची वाट धरून एकमेकांत घुसले की कापड आटते, घट्ट होते.

पाण्याने तंतू फुगतो आणि कोमटपणाने तो अधिक लवचिक होतो. साबण दोन कामे करतो: त्याच्या अल्कलीमुळे खवले उघडतात, आणि बुळबुळीतपणामुळे तंतू सरकायला मोकळे होतात. म्हणून अंगाला लावायचा किंवा कपडे धुवायचा वडीचा साबण या कामाला बरा. हात धुवायचे द्रव साबण बहुतेक सौम्य असतात, त्यांनी काम लांबते. रिठ्याला फेस येतो, घसरणही मिळते, पण तो अल्कलीधर्मी नाही. रिठ्याने नमदा होतो, वेळ मात्र जास्त द्या.

एक गोष्ट आताच पक्की ठेवा. ही गाठ सुटत नाही. विणकाम उसवता येते, शिवण उलगडता येते, आटलेला नमदा पुन्हा सैल करता येत नाही. त्यामुळे सुरुवातीचा अर्धा वेळ हलक्या हाताचा आणि जोर शेवटी, हाच या कामाचा क्रम. नव्या माणसाचे बहुतेक नमदे बिघडतात ते कमी चोळण्याने नव्हे, फार लवकर जोरात चोळण्याने.

कुठली लोकर घ्यावी

पहिल्या कामासाठी मेरिनो घ्या, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ, बारीक लोकर. ऑनलाइन हस्तकला-दुकानांत ती 'फेल्टिंग वूल' (फेल्ट म्हणजेच नमदा) किंवा 'मेरिनो टॉप्स' या नावाने लांब, विंचरलेल्या पेळूच्या रूपात मिळते. तिचे तंतू साधारण 18 ते 24 मायक्रॉन जाडीचे असतात, त्यावर खवले दाट असतात, आणि ती लवकर धरते. पाकिटावर 'सुपरवॉश' असे लिहिलेले असेल तर ती परत ठेवा. मशीनमध्ये धुतली तरी आटू नये म्हणून त्या लोकरीचे खवले क्लोरीनने झिजवून वर राळेचा पातळ थर दिलेला असतो. मेंढीचीच असूनही ती नमद्यासाठी निरुपयोगी.

शंका असेल तर दोन चाचण्या करा. थोडे तंतू चिमट्यात धरून सिंकवर जाळा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढताच ती विझत जाते, आणि मागे बोटांत चुरडणारी काळी राख राहते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. दुसरी चाचणी खात्रीची: सुपारीएवढी लोकर गरम साबणपाण्यात बुडवून दोन्ही तळव्यांमध्ये गोल फिरवा. दोन-चार मिनिटांत घट्ट गोळी झाली तर लोकर कामाची. खळाखळा धुऊनही तंतू सुटेच राहिले तर तो ढीग उशीत भरा.

दख्खनी लोकर शेवटाला ठेवा असे मी सांगतो, आणि त्यामागे तिच्याविषयी कमीपणाचा भाव मुळीच नाही. ती जाड, केसाळ, काळ्या-तपकिरी छटांची असते, नमदा व्हायला मेरिनोपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते, आणि हात बसलेला नसेल तर माणूस कंटाळून मधेच सोडतो. हात बसला की तिच्यासारखी टिकाऊ चटई मेरिनोची होत नाही. तिच्याकडे शेवटी येऊच.

ओला नमदा: पहिला चौकोन

सामान बहुतेक घरचेच आहे. 30 ग्रॅम मेरिनो, स्वयंपाकघरातला वजनकाटा, बबल रॅपचा एक मोठा तुकडा, जुन्या मच्छरदाणीची किंवा खिडकीच्या नायलॉन जाळीची पट्टी, किसलेला साबण, कोमट पाणी, टॉवेल, लाटणे किंवा पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा. साबण विरघळण्यापुरतेच पाणी गरम घ्या. एक लिटरला मोठा चमचाभर कीस पुरे. पाण्याने बोटे निसरडी व्हावीत, चिकट होऊ नयेत.

टेबलावर टॉवेल, त्यावर बबल रॅप, फुगे वर करून. त्यावर पेनने 30 सेंटिमीटरचा चौकोन आखा.

आता थर. या पायरीवर जेवढा वेळ द्याल तेवढा कमीच. पेळू एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने टोकाकडून पातळ झुपका ओढा. दोन हातांत वीतभर अंतर हवे. हात जवळ असले तर दोन्ही मुठींत तेच तंतू अडकतात आणि कितीही ओढले तरी काही सुटत नाही. मग माणूस कात्री शोधतो. कात्री लावू नका, कापलेल्या टोकांचे तुकडे नीट धरत नाहीत. झुपका इतका विरळ हवा की त्यातून बबल रॅपवरची पेनाची रेघ दिसावी. असे झुपके कौलांप्रमाणे एकावर एक किंचित चढवत सगळे एका दिशेने मांडा. तो पहिला थर. दुसरा थर काटकोनात, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा, चौथा दुसऱ्यासारखा. 30 ग्रॅमचे आधीच चार सारखे ढीग करून ठेवले की थर आपोआप सारखे होतात. मांडून झाल्यावर तळवा वर टेकवून फिरवा. जिथे पोकळी जाणवते तिथे नंतर भोक पडणार. तिथे अजून एक झुपका घाला. कडांकडे विशेष पाहा, त्या नेहमी विरळ राहतात.

चार जाड थरांपेक्षा आठ पातळ थर केव्हाही चांगले. जाड झुपक्याच्या आतपर्यंत पाणी पोचत नाही आणि तयार नमद्याचे पापुद्रे सुटतात.

वर जाळी टाका, मधोमध कोमट साबणपाणी शिंपडा, आणि पसरलेल्या तळव्याने नुसते दाबा. चोळायचे नाही. हवा बाहेर गेली पाहिजे, फुगलेली लोकर चपटी झाली पाहिजे. मधून कडांकडे सरकत जा. कुठे कोरडे दिसले तर तिथे पाणी द्या. पण लोकर पाण्यात तरंगायला लागली तर तंतू एकमेकांपासून दूर जातात, तेव्हा स्पंजने जादा पाणी टिपून घ्या. बाहेर आलेले तंतू ओल्या बोटाने आत वळवून कड सरळ करा.

आता जाळीवर साबणाची वडी हलकेच फिरवा आणि तळव्याने लहान लहान वर्तुळे काढा. पहिली दोन-तीन मिनिटे हाताचे वजनसुद्धा पडू देऊ नका. अधूनमधून जाळी एका कोपऱ्यातून सावकाश उचला, नाहीतर तंतू जाळीतून वर येऊन तिलाच चिकटतात. पाच मिनिटे झाली की चौकोन उलटून दुसऱ्या बाजूने तेच करा. हळूहळू दाब वाढवा.

पुढच्या पायरीला कधी जायचे हे घड्याळावर ठरत नाही, चिमटीवर ठरते. पृष्ठभागावरचे थोडे तंतू चिमटीत धरून वर उचला. नुसते तंतूच वर आले तर अजून चोळा. तंतूंबरोबर सगळा पापुद्रा उचलला गेला तर काम पुढे न्यायला हरकत नाही. ही चाचणी मधोमध करा, चारही कोपऱ्यांत करा. कोपरे मागे राहिलेले असतात.

गुंडाळणे आणि मळणे

जाळी काढा. लाटण्याभोवती बबल रॅपसकट चौकोन घट्ट गुंडाळा, वरून टॉवेल गुंडाळा, दोन ठिकाणी जुन्या मोज्याच्या पट्ट्यांनी बांधा. आता पुढे-मागे लाटा. आधी हलके, मग कोपरापासून वजन देऊन. शंभरएक वेळा लाटून झाले की उघडा, सुरकुत्या सरळ करा, चौकोन 90 अंशांत फिरवा आणि पुन्हा गुंडाळा. चारही बाजूंनी झाले की उलटून पुन्हा चारही बाजू. नमदा ज्या दिशेने लाटला जातो त्या दिशेने आटतो, म्हणून फिरवण्यात हयगय केली तर चौकोनाचा आयत होतो. उलट, मुद्दाम आयत हवा असेल तर एकाच दिशेने जास्त लाटा. आकार हातात ठेवण्याची ही युक्ती पुढे टोप्या-पिशव्या करताना फार उपयोगी पडते.

इथवर कापड तयार झाले, पण ते मऊ आणि ढिले असते. आता जोर काढा. पाणी जरा जास्त गरम करा (रबरी मोजे घाला), त्यात तो चौकोन बुडवून पिळा आणि परातीत कणीक तिंबावी तसा तिंबा. मग सिंकमध्ये किंवा मोरीच्या फरशीवर आपटा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. दर वीस-तीस आपटींनंतर उलगडून ताणा, नाहीतर त्याच्या घड्याच एकमेकींना चिकटतील. पृष्ठभागावर बारीक दाणेदार सुरकुती दिसू लागली, बोटांनी ताणूनही कापड फारसे ताणले जात नाही असे वाटले, की थांबा.

साबण पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरा व्हिनेगर घालून दहा मिनिटे ठेवा. राहिलेली अल्कली त्याने मरते, एरवी ती लोकरीला पुढे ठिसूळ करते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, कडा हाताने ओढून चौकोनी करा, सावलीत आडवा वाळवा.

वाळल्यावर मोजा आणि वहीत लिहा. समजा 30 चा चौकोन 20 सेंटिमीटरचा झाला. 30 भागिले 20, म्हणजे दीड. याच लोकरीने, याच जाडीत 24 सेंटिमीटरचे आसन हवे असेल तर 36 सेंटिमीटरची मांडणी करा. लोकर बदलली, थर कमी-जास्त केले, की हा आकडा बदलतो. त्यामुळे मोठ्या कामाआधी नमुना करणे टाळू नका. मेरिनोत बाजू 30 ते 40 टक्के आटणे नेहमीचेच आहे.

सुईने: एक छोटा आंबा

सुईचा नमदा कोरडा होतो. पाणी नाही, साबण नाही. सुईच्या पात्यावर खाली तोंड केलेल्या बारीक खाचा असतात. सुई आत जाताना त्या तंतू ओढून नेतात आणि बाहेर येताना तिथेच सोडतात. मुळात ही सुई कारखान्यातली. न विणलेले गालिचे आणि हस्तकलेच्या दुकानात मिळणारे रंगीत फेल्टचे कागद अशाच हजारो सुयांच्या यंत्रावर होतात, आणि त्यात बऱ्याचदा पॉलिस्टर असते. खवले नसलेले तंतूही सुई गुंतवू शकते. तीच सुई हातात धरून आकार घडवायची कल्पना अमेरिकेत 1980 च्या दशकात इलेनॉर आणि डेव्हिड स्टॅनवूड या जोडप्याने रुजवली.

सुया क्रमांकाने मिळतात आणि क्रमांक वाढला की सुई बारीक होते. 36 आकार देण्यासाठी, 38 सगळ्या कामांसाठी, 40 शेवटच्या सफाईसाठी. एकच घ्यायची तर 38 घ्या, आणि तिच्या तीन-चार घ्या, कारण त्या मोडतात. खाली टेकायला जाड फोमचा तुकडा किंवा तांदूळ भरलेली घट्ट विणीची पिशवी लागते.

सुई ज्या कोनात आत जाते त्याच कोनात बाहेर यायला हवी. आत असताना तिरकी केली की टोक तुटते. तुटले तर काम थांबवा आणि टोक सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोलता बोलता, टीव्ही पाहता पाहता हे काम करू नका. सुई बोटात गेली तर खाचांमुळे जखम वाईट होते. दुसऱ्या हाताच्या बोटांना चामड्याच्या टोप्या घाला. लहान मुलांना ओला नमदा द्या, सुई नको.

पिवळ्या लोकरीची पट्टी एका टोकाकडून घट्ट गुंडाळत जा आणि प्रत्येक वेढ्याला पाच-सहा टोचे द्या. आतला भाग सैल राहिला तर बाहेरून कितीही टोचले तरी आंबा पिचपिचीतच राहील, आणि ते नंतर दुरुस्त करणे जिकिरीचे. हव्या त्या आकारापेक्षा दीडपट मोठा गोळा घ्या. फिरवत फिरवत सगळीकडून टोचा. एकाच जागी टोचले तर तिथे खड्डा पडतो. हापूसचा बाक हवा असेल तर हाच खड्डा मुद्दाम पाडायचा: देठाच्या खाली एका बाजूला जास्त टोचा, नाक आपोआप वर येते. बोटांनी दाबून आंबा घट्ट लागला की नारिंगी लोकरीचा अगदी विरळ झुपका खांद्यावर पसरा आणि 40 च्या सुईने उथळ टोचे देत तो पिवळ्यात मुरवा. सुई खोल घातली तर नारिंगी तंतू पलीकडून बाहेर डोकावतात. देठासाठी तपकिरी लोकर तळव्यात वळून वात करा, तिचे एक टोक सुटे ठेवा आणि त्याच सुट्या तंतूंनी ती आंब्यात टोचून बसवा. पान, पंख, कान, काहीही जोडायचे असले तरी जोडाचे टोक सुटेच ठेवायचे.

दख्खनी लोकरीकडे

नगर, सातारा, सांगली, सोलापूरकडच्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात. या जाडसर लोकरीला आता भाव इतका कमी मिळतो की ती टाकून देणारेही मेंढपाळ आहेत. ओळखीने विचारलेत तर पोतेभर मिळणे अवघड नाही. फुकट देत असले तरी पैसे द्या.

ती आधी उन्हात झटकून कुसळे, काटे, लेंड्या निवडा. मग जाळीच्या पिशवीत भरून गरम पाणी आणि थोड्या डिटर्जंटमध्ये नुसती बुडवून ठेवा. ढवळू नका, पिळू नका, थेट नळाखाली धरू नका, नाहीतर बादलीतच नमदा होईल. पाणी बदलताना गरम पाण्यातून गार पाण्यात टाकू नका. पाणी निवळ निघेपर्यंत तीन-चार वेळा बदला आणि जाळीवर पसरून वाळवा. पिंजायला कुत्र्यांचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश चालतात: एकावर लोकर ठेवून दुसऱ्याने उलट दिशेने ओढायची. पिंजारी ओळखीचा असेल तर प्रश्नच मिटला.

पहिल्यांदा अर्धी दख्खनी आणि अर्धी मेरिनो असे थर आलटून पालटून मांडा. मेरिनो धरते आणि दख्खनीला सोबत ओढते. पाणी अधिक गरम ठेवा, लाटण्याचा वेळ दुप्पट धरा. चारी बाजूंनी लाटून झाल्यावरही चिमटीत तंतू सुटे येत असतील तर नाद सोडू नका, पुन्हा गुंडाळा. जेन करणारे कारागीर पायाने आणि अंगाच्या वजनाने लाटतात, त्याचे कारण हेच. घरी मोठी चटई करायची असेल तर बांबूच्या काड्यांच्या पडद्यात (चिकात) गुंडाळा आणि दोघांनी मिळून पायाखाली पुढे-मागे फिरवा.

तयार वस्तूंना कसर लागते, विशेषतः पावसाळ्यात बंद कपाटात. पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवू नका, सोबत वेखंडाचा तुकडा ठेवा, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून झटका. कसर लागल्याची शंका आली तर वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवर दव धरते.